आकडा चुकला की कॉलर बाद

माझा भाचा त्या रविवारी दोन रिकाम्या बॅगा घेऊन आला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. परीक्षा व्हायच्या आधी निकाल लावून आलेल्या परीक्षकाशी बोलायचं तरी काय? बॅगा त्यानं हळूच दाराआड ठेवल्या, आईला दिसू नयेत म्हणून. पण माझ्या ताईच्या डोळ्यांची गंमत अशी, की तिला समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. दाराआडच्या बॅगा तिला बरोबर दिसल्या.

"दोन कशाला आणल्यास?" ती म्हणाली. "माझं सामान एका पिशवीत बसेल."

भाचा ओशाळला. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आता बहात्तरची. एकतीस वर्षं ती शर्टाच्या कारखान्यात फ्युजिंग मशीनवर होती. शर्टाची कॉलर ताठ उभी राहते ती आतल्या बकरमामुळे, म्हणजे कडक अस्तरामुळे. कापडाच्या दोन तुकड्यांमध्ये डिंकाचं बकरम ठेवायचं, वरचा तापलेला तवा खाली ओढायचा, दाबून धरायचा आणि अठरा सेकंदांनी सोडायचा. आधी सोडला तर पहिल्याच धुण्यात कॉलरला फोड येतात. उशीर झाला तर डिंक बाहेर येतो आणि कापड पिवळं पडतं. मशीनला वेळ दाखवणारा काटा होता, तो ताई लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी बंद पडला. दुरुस्तीवाला उद्या येतोय, असं सांगता सांगता सुपरवायझर निवृत्त झाला. तोवर ताई मनात अठरा मोजत होती. तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे.

त्या खात्याचा एक नियम होता. मोजताना शिंक आली, कुणी हाक मारली, आकडा चुकला, की अंदाज करायचा नाही. कॉलर टोपलीत टाकायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "बाद." मोठ्यानं अशासाठी, की शेजारच्या बाईनं चुकून ती उचलून पुढे देऊ नये. भाचा तिसरीत असताना त्याचे वडील गेले. त्यानंतर त्याचं सगळं शिक्षण या अठरा आकड्यांवर झालं. आज तो दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, नवव्या मजल्यावर राहतो. मुलगा वाईट नाही. पण चांगल्या माणसांचा राग जास्त येतो, कारण त्यांना शिव्या देता येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग पडला आणि वाढत गेला. माझ्याकडे सरळ बघितलं की तिला माझे फक्त कान दिसतात. "तुझ्यात बघण्यासारखं तेवढंच आहे," असं ती म्हणते. तरी दोन खोल्यांच्या त्या घरात ती एकटी नीट राहत होती. मग एकदा दूध गॅसवर राहिलं, भांडं जळलं आणि खिडकीचा पडदा पेटला. ओल्या चादरीनं तिनं तो विझवला. आणि आम्हा दोघांना फोनवर सांगितलं काय, तर पडदे धुवायला काढलेत. तीन आठवड्यांनी भाचा आला, त्यानं काळी पडलेली भिंत बघितली आणि उभ्या उभ्या गॅस बंद करून टाकला.

त्याच्या जागी त्यानं ओट्यावर क्वेसाडिया या मेक्सिकन पदार्थाचं विजेचं मशीन आणून ठेवलं. गोल, दोन तव्यांचं, झाकण आणि खटका असलेलं. मैद्याची पातळ पोळी खाली, वर चीज, चिरलेली भाजी, वर दुसरी पोळी, झाकण लावायचं. तीन मिनिटांत आतलं वितळून दोन्ही पोळ्या चिकटतात आणि तव्याच्या उंचवट्यांमुळे सहा तुकडे पडतात. अंडं, पाव, सगळं त्यात होतं, आणि ज्वाला कुठेच नाही.

"आई, तीन आठवड्यांनी मी येईन," तो म्हणाला होता. "कुणाच्या मदतीशिवाय हे करून दाखव. जमलं तर राहा इथेच. नाही जमलं तर माझ्याबरोबर यायचं."

घर भाड्याचं, आणि ताई जाणार असेल तर घरमालकाकडे दुसरा भाडेकरू तयार होता. त्याला रविवारी दोन वाजेपर्यंत उत्तर हवं होतं.

ताईला जायचं नव्हतं. सून चांगली आहे, घर मोठं आहे, सगळं खरं. "पण तिथे कप कुठे आहे ते मला रोज विचारावं लागेल," ती मला म्हणाली. "इथे मी विचारत नाही, हात घालते."

मग आमची तालीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. ताईनं झाकण लावलं आणि दोन्ही हात ठेवून अंगाचा सगळा भार त्यावर टाकला, फ्युजिंग मशीनवर टाकायची तसा. चीज चारी बाजूंनी बाहेर आलं आणि ओट्यावर वाहिलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण कारखान्यात प्रत्येक गठ्ठ्यानंतर गरम तवा ओल्या फडक्यानं पुसायची सवय. तिनं झाकण उघडून ओलं फडकं फिरवलं. वाफेचा लोट आला आणि मनगट भाजलं. एकतीस वर्षांची सवय एका दिवसात थोडीच जाते.

"त्याला सांगितलंस तर याद राख," ती म्हणाली. मी सांगितलं नाही.

हळूहळू तिचा हात बसला. झाकण दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. तवा तापला का, ते बोटावरून पाण्याचा थेंब टाकून ऐकायचं. आणि वेळ? अठराच्या दहा फेऱ्या. एक फेरी झाली की एक बोट मिटायचं, दहाही बोटं मिटली की उघडायचं. मशीनवर हिरवा दिवा होता, पण तो तिच्या उपयोगाचा नव्हता. माझ्या डोक्यात मात्र तो बसला. मी म्हणालो, "हिरवा दिवा लागला की मी खोकेन. तू उघड."

मी नोकरीभर बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. ताई हसली. "आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडलीस, आता म्हातारपणी शिकतोयस होय? काही खोकायचं नाही."

तर तो रविवार. साडेबारा वाजले होते. ताईनं अंगात कारखान्यातला जुना लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावून. कशासाठी, ते मला माहीत होतं. मी स्टुलावर बसलो. भाचा फ्रिजला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला.

ताईनं हातानं चाचपून प्लग लावला. थोडा वेळ थांबली, झाकण उघडून थेंब टाकला. तो चर्र झाला आणि गप्प बसला. तिनं मान हलवली, पुन्हा थांबली. दुसरा थेंब तव्यावर नाचला. मग तिनं पोळी ठेवली, कडेनं बोट फिरवून मधोमध आहे का बघितलं, चीज पसरलं, ढोबळी मिरची आणि कांदा टाकला, दुसरी पोळी ठेवली. झाकण टेकवलं, खटका लावला आणि दोन्ही हात समोर धरले.

एक बोट मिटलं. दुसरं. भाच्याचं लक्ष त्या बोटांकडे होतं, त्याला काही समजत नव्हतं. तिसऱ्या बोटाला हिरवा दिवा लागला. ताई तशीच उभी. मला दम निघेना. जळणार आता सगळं, असं वाटून मी खोकलो. आधी हळू, मग जोरात.

"धाकट्या, खोकला आला असेल तर पाणी पी," ताई म्हणाली आणि चौथं बोट मिटलं.

भाच्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मीच विनातिकीट पकडला गेलो. नंतर कळलं, तो दिवा तवा तापल्याचं सांगतो, पदार्थ झाल्याचं नाही. माझं ऐकलं असतं तर आत कच्चं चीज निघालं असतं. शहाणा मी.

सातव्या बोटाला भाच्याचा फोन वाजला. घरमालकाचा. "हो, बघतोय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "दोनपर्यंत नक्की सांगतो. बहुतेक सोडूच. बॅगा आणल्यात मी."

ताईचं आठवं बोट अर्धवट वाकलं आणि तिथेच राहिलं. ओठ हलायचे थांबले. वास छान येत होता, खमंग. उघड, ताई, झालंय ते, मी मनात ओरडत होतो. अंदाजानं उघडलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

तिनं झाकण उघडलं. लाकडी उलथन्यानं क्वेसाडिया ताटलीत काढला आणि ताटली बाजूला सरकवली.

"बाद," ती मोठ्यानं म्हणाली.

"काय झालं?" भाच्यानं फोन ठेवला. "नीट तर दिसतंय."

"तुला दिसतंय. मला माहीत नाही. माझा आकडा चुकला."

"आई, पण दुसऱ्यांदा करायचं असं ठरलं नव्हतं."

आता मात्र मला राहवलं नाही. मी स्टुलावरून उठलो. "अरे, तुझ्या फोनमुळे..."

"तू खाली बस," ताई मला म्हणाली. मग भाच्याच्या दिशेनं वळली. "ठरलं होतं मी एकटीनं करायचं. तू इथे उभा राहून माझं घर सोडत होतास. मी एकटी कुठे होते? फोन बाहेर ठेवून ये."

दोन वाजायला तास होता. नको म्हणाला असता तर तिथेच संपलं असतं. तो फोन बाहेरच्या खोलीत ठेवून आला.

पुन्हा थेंब, पुन्हा पोळी, पुन्हा खटका. पाचव्या बोटाला बाहेर फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. भाचा जागचा हलला नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. सहावं बोट मिटलं. सातवं. आठवं. कपाळावरचा घाम ताईच्या भुवईत उतरला, तिनं पुसला नाही. नववं. दहावं मिटलं तशी तिनं खटका काढला.

आत सोनेरी गोल होता, सहा तुकड्यांचा, कडेला चीजचा थेंब नाही. तिनं ताटली भाच्यासमोर ठेवली. त्यानं एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. मला वाटलं, जिंकलो.

"छान झालंय," तो म्हणाला. मग ताटली बाजूला ठेवली. "आई, त्या दिवशी गॅसच्या वेळी बाद का नाही म्हणालीस? तीन आठवडे भिंत काळी होती आणि तू मला रोज फोनवर सगळं ठीक आहे म्हणत होतीस. मला आगीची एवढी भीती नाही वाटत. तू काय सांगत नाहीस, त्याची वाटते. मला रात्री झोप लागत नाही."

मला त्याचा राग येत होता, तो कुठे गेला कळलं नाही.

ताईनं मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर केली. भाजल्याचा लाल पट्टा अजून वाळला नव्हता.

"हा पहिल्या दिवसाचा," ती म्हणाली. "हेही सांगितलं नव्हतं."

मी डोक्याला हात लावला. हातातलं घर ती स्वतःच्या हातानं सोडत होती. भाच्यानं तिचा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला. लाल पट्ट्याच्या वर, कोपरापर्यंत, फिकट पांढरे डाग होते, छोटे छोटे, जुने.

"आणि हे?"

"ते कारखान्यातले. अकरा आहेत."

"मला कधी दाखवले नाहीस."

"तू शाळेत होतास," ताई म्हणाली. "दाखवले असते तर काय केलं असतंस? बॅगा आणल्या असत्यास?"

भाचा तिचा हात धरून उभा राहिला. बाहेर फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी तो गेला. आम्हाला आतून नीट ऐकू आलं. "नाही. घर सोडत नाही. हो, नक्की. आई राहतेय इथे."

परत येताना त्यानं कपाटातून मलम आणलं आणि ओट्याशीच तिच्या मनगटाला लावलं. ठरलं एवढंच, की रोज संध्याकाळी फोन करायचा आणि त्या दिवशीचे बाद किती ते खरं सांगायचं. ताई सांगते. कधी एक, कधी दोन, कधी काहीच नाही.

त्या दोन बॅगा तो दाराआड विसरून गेला. एकीत ताई आता कांदे ठेवते.