पपईच्या देठाचा तुडूम
पपईचं पान देठाशी मोडलं की जो कडसर वास येतो, त्यानं मला आमगावच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं. चौथीत मी आणि माझ्या मैत्रिणीनं चिकणमातीचा तलाव केला होता. पाळ सारखी फुटायची. मातीत धानाचं तणीस मिसळायचं मला सुचलं, आणि पाणी सोडायला पपईच्या पोकळ देठाचा तुडूम, म्हणजे तलावाची मोरी, बसवल्यावर खालच्या टीचभर बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी संथ उतरू लागलं. प्रदर्शनाच्या दिवशी तलाव भरायला मी बोरिंगवर गेले. बादली घेऊन परतले, तेव्हा ती पाहुण्या गुरुजींना सांगत होती, "मातीत तनीस टाकलं सर, म्हनून पाळ फुटत नाही." "एकटीनंच बनवलं का वं?" तिनं मान डोलावली. "अन् हे कोन?" माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "हे पानी आनून राहिली." मी तलावात बादली ओतली. पुढे आमची मैत्री टिकली, पण त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. गेल्या महिन्यात ती वारली. दहाव्याला तिची मुलगी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, आईचा तुमच्याएवढा भरवसा कोनावरच नव्हता." ते खरं होतं. माझा मात्र तिच्यावर चौथीनंतर कधीच बसला नाही, आणि हे आता फक्त मलाच ठाऊक आहे.