जीपमधली मागची जागा

ती सासू आजही आठवते. बाक रिकामं असूनही ती ठाण्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, आणि बाहेर तिच्या मेलेल्या सुनेचं माहेर जमलं होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. पिशोरकडच्या विहिरी आटल्या, तेव्हा बजाजनगरला कंपनीत असलेल्या मुलानं घरच्यांना शहरात बोलावून घेतलं. भाड्याच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये संसार भरला. सासरे पुढं ड्रायव्हरजवळ, सासू मधल्या सीटवर खिडकीशी, आणि सून अगदी मागं, भांडीकुंडी आणि कोंबड्यांचं डालगं सांभाळत. फुफाटा येतो म्हणून मागचे रेक्झिनचे पडदे घट्ट बांधलेले. पोचल्यावर सासूनं हाक मारली, तर सून उठली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. लगेच सुनेच्या भावाचा फोन आला. घरात दोघींचं पटत नव्हतं, वाटेत सासूनं तिला ताक दिलं आणि त्यानंतरच तिला मळमळायला लागलं, असं त्याचं म्हणणं. ताकाची गोष्ट ड्रायव्हरनं त्याच्या कानावर घातली होती. सासू म्हटली की लोकांच्या मनात निम्मा गुन्हा शाबीत झालेलाच असतो. संध्याकाळपर्यंत तिला अटक करा म्हणून ठाण्यासमोर गर्दी झाली.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर मात्र ठाम काही सांगेनात. अंगाचा रंग नेहमीपेक्षा लालसर दिसतोय, व्हिसेरा राखून ठेवलाय, एवढंच त्यांनी सांगितलं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता आणि बाहेरच्या गर्दीला वेळ नव्हता.

महिला शिपायाला सोबत बसवून मी सासूची चौकशी सुरू केली. भांडण होत होतं का, तर होत होतं. ताक दिलं का, तर दिलं. खोटं बोलणारा माणूस आपल्या अडचणीचं तेवढं गाळून बोलतो, हा माझा अनुभव. हिनं काहीच गाळलं नाही. ताकाबद्दल मी पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"त्याच तांब्यातलं म्या बी प्याले, साहेब. अन् कोंबड्यायला कुठं ताक पाजलं? त्या बी मेल्याच की."

मी लिहिता लिहिता थांबलो. पंचनाम्यात कोंबड्यांचा उल्लेखच नव्हता. उन्हानं मेल्या समजून घरच्यांनी त्या टाकून दिल्या होत्या.

जीप आणवली. मागं सामानाखाली एक गोणपाट अंथरलेलं होतं. ते उचललं तर खालचा पत्रा गंजून त्याला तळहाताएवढं भोक पडलेलं. टंचाई सुरू झाल्यापासून ड्रायव्हर याच जीपमधून पाण्याचे ड्रम वाहायचा. सांडलेल्या पाण्यानं पत्रा खाल्ला होता. सायलेन्सरचा नळा दगडांना घासतो म्हणून त्यानं कापून आखूड केला होता, आणि तो बरोबर भोकाखाली येत होता. पंचांसमोर गाडी चालू करायला लावली आणि भोकावर पांढरा रुमाल धरला. तो काळा पडला. पडदे बांधून मी स्वतः मागं बसलो. थोड्याच वेळात कपाळ ठणकू लागलं, पोटात ढवळलं, आणि मी उतरलो. मला उतरता आलं, कारण मी साहेब होतो.

ड्रायव्हरला भोक ठाऊक होतं. ताकाकडे बोट त्यानं उगाच दाखवलं नव्हतं. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. पुढं रक्ताच्या तपासणीतही विष निघालं नाही, धुरातला वायू निघाला; अंगाचा लालसर रंग त्यानंच आला होता.

तुमच्यावर आता संशय नाही, हे सासूला मीच सांगितलं. सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसला नाही.

"गाडी थांबवली असती तर जगली असती व्हय?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायला जीभ वळली नाही.

"लई डोकं दुखतंय म्हणली होती. म्याच म्हणले, जरा कळ काढ, आलंच."

तिनं सुनेला विष दिलं नव्हतं. आपल्याकडे सगळ्याच घरांतल्या सुनांना सांगतात तेच तिनं सांगितलं होतं. त्या वाक्याला कायद्यात कलम नाही. पण तेव्हापासून प्रवासात कोणी नुसतं मळमळतंय म्हणालं, तरी मी आधी गाडी थांबवतो.

तिला घरी सोडायला ठाण्याची जीप दिली. शिपायानं तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. ती वळसा घालून गेली आणि अगदी मागं जाऊन बसली.