हेरोदाची टोपी

आमच्या उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीत नाताळच्या नाटकात बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा मीच व्हायचो. योसेफाला काय, काठी धरून उभं राहायचं असतं. हेरोदाला गरजता येतं. मी असा गरजायचो की मेंढपाळ झालेली पोरं दाढ्या सोडून पळायची.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा नाताळ. रस्त्यावर हत्यारबंद माणसं फिरत होती. कुणी रातोरात बिऱ्हाड उचलून सरहद्दीपलीकडे गेलं होतं. चौकीत बोलावलेला माणूस परत येईलच याची खात्री उरली नव्हती. दिवे लागायच्या आत आटपावं म्हणून आम्ही नाटकही दुपारीच ठेवलं होतं.

घोळ झाला पोशाखात. राजा म्हटला की आमच्या डोळ्यांपुढं एकच राजा यायचा. बाजारातल्या बँडवाल्याकडून शेरवानी आणली, गोंड्याची तांबडी टोपी आणली, आणि सगळी मंडळी खूश झाली. राजा कुणासारखा दिसतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते आलं तालमीच्या वेळी कुंपणापाशी थांबलेल्या शिपायाच्या डोक्यात. त्यानं माझं गरजणं पाहिलं, टाळ्या ऐकल्या, विडी विझवली आणि गेला. सकाळी निरोप आला: नाटकाला अमीनसाहेब स्वतः येणार.

अमीन म्हणजे आमच्या चौकीचा मुख्य. नाटक मंडळीचं, म्हणजे जबाबदार आमचे म्हातारे पाळकसाहेब. धरलं तर त्यांनाच धरणार.

"टोपी काढतो," मी म्हणालो.

आमच्या मंडळीत एक बायबलबाई होत्या. खेड्यापाड्यांतल्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्या ज्वारी निवडत होत्या. "टोपी काढून काय व्हतंय? तू गरजलास की लोक टाळ्या पिटतेत. त्या टाळ्या ऐकायला यायलाय तो."

"मग हेरोदच नको."

"अन् मरीया लेकरू घेऊन कुणाला भिऊन पळती? कुत्र्याला?"

पाळकसाहेब चष्मा पुसत होते. म्हणाले, "यंदा हेरोद मी होतो."

"पाळकसाहेब, तुमचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत जात न्हाई," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

"अमीन पहिल्या ओळीत बसणार हाय, बाबा."

मला शिपाई केलं. भाला धरायचा आणि तोंड मिटून घ्यायचं. त्या दिवशी दोघांचा छळ झाला, एक मंडळीचा आणि एक माझा.

पाळकसाहेब रोजच्याच पांढऱ्या कोटात स्टुलावर बसले. पूर्वेच्या ज्ञानी लोकांना त्यांनी हळूच विचारलं, "बाळ कुठं हाय?" मग उठून महालाच्या दाराची कडी पाहिली. येऊन बसले. पुन्हा उठले, पुन्हा कडी पाहिली. एवढंच. कुणी हसलं नाही, एक टाळी वाजली नाही. अंगणात फक्त कुणाचं तरी तान्हं कुरकुरत होतं. मी भाल्याला घट्ट धरून उभा, कारण मला त्या म्हाताऱ्या राजाची भीती वाटत नव्हती, दया येत होती, आणि हेरोदाची दया यायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाटक संपल्यावर अमीन उठला. "ये बादशाह किसका है?"

"मेराच है, साहब. रोज रात को आता है."

अमीन जायला वळला. "सुबह चौकी पे आओ."

सकाळी मावशींनी पाळकसाहेबांच्या फडक्यात जास्तीच्या भाकरी बांधल्या. किती दिवसांच्या, ते कुणी विचारलं नाही. दुपार गेली. मंडळीत कुणी जेवलं नाही. मी कुंपणापाशी उभा राहून रस्त्याकडं बघत होतो. सावल्या लांबल्या तेव्हा पांढरा कोट दिसला.

"काय म्हणला अमीन?" मी धावत जाऊन विचारलं.

"कडी दुसऱ्यांदा कशाला पाहिली, म्हणून इचारत होता."

"मग?"

"म्हणलं, साहेब, तुम्ही कितींदा बघता?"

"मग हो?"

"चहा मागवला."

एवढं बोलून ते घरात गेले, वहाणा काढून बसले आणि मला कडी लावायला सांगितली. मी लावली. पाळकसाहेब उठले आणि स्वतः बघून आले.