वाळ्याचं पाणी

आज नव्या माठात वाळ्याची जुडी सोडली आणि नेरुळच्या या छोट्या स्वयंपाकघरात तो मातकट, गोडसर वास पसरला. हे गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा.

ऊन तापायला लागलं की हे स्वतः माठ आणि वाळा आणायचे. तळोज्याच्या केमिकल कंपनीतून दमून आले की पेलाभर पाणी पिऊन म्हणायचे, "वा! काय घमघमतोय वाळा!"

एका वर्षी मी वाळा घालायलाच विसरले. जुडी ओट्यावर कागदात तशीच होती. तरी हे पेला रिकामा करून म्हणाले, "वा! काय घमघमतोय!"

"अहो, किती खोटं बोलाल? वाळा घातलाच नाहीये अजून!"

हे ओशाळले. "मला कसलाच वास येत नाही गं. कंपनीत नाक गेलं, चार-पाच वर्षं झाली. तू पाणी प्यायलीस की तुझा चेहरा फुलतो, त्यावरून कळतं मला. आज तुझ्याआधी प्यायलो, तिथंच फसलो."

तेव्हा मी केवढी हसले होते! सोसायटीभर सांगत सुटले.

आज घोट घेतला. वास अगदी तसाच आहे. माझ्या चेहऱ्याकडे बघायला मात्र कुणी नाही.