काजूचं चोखणं

भीमराज खरात म्हणजे शांत माणूस. तीस-बत्तीस वर्षं महापालिकेच्या बागांमध्ये माळी होता, पण कुणावर आवाज चढवल्याचं आठवत नाही. त्यामुळे त्या दुपारी त्याने मांजराचं पिल्लू अंगावरून भिरकावून दिलं, तेव्हा त्याच्या नातीला, रुचिराला, ते खरंच वाटेना.

पिल्लू पडलं सोफ्यावर, म्हणून वाचलं. रुचिरा ओरडली, "आबा! काय केलंस तू?"

भीमराज उभा होता. त्याच्या सदऱ्याचं खालचं टोक ओलं झालं होतं आणि ते त्याने चिमटीत असं धरलं होतं, जणू त्याला काही लागलंय. तो गॅलरीत गेला आणि दहिसरच्या त्या सातव्या मजल्यावरून खालच्या नदीकडे बघत राहिला. नातीने मागून दोनदा हाक मारली. त्याला ऐकूच आली नाही.

पिल्लू येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. इमारतीच्या मीटरच्या खोलीमागे मांजरीला चार पिल्लं झाली होती. मांजर टेम्पोखाली गेली, तीन पिल्लं दोन दिवसांत गेली, उरलेलं एक रुचिराने शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं. डोळे नुकते नीट उघडलेले. रंग भाजलेल्या काजूसारखा, म्हणून नाव काजू. रुचिराचे आई-बाबा सकाळी कामाला जात ते दिवेलागणीनंतर येत. दिवसभर घरात भीमराज आणि त्याची बायको मालन, दुपारपासून रुचिरा. तेव्हा काजू वाढवायचा तो या तिघांनीच.

काजू खायला शिकला, मातीच्या डब्यात जायला शिकला, पण चोखायचं सोडेना. मालनच्या गाऊनची कड, पायपुसणं, रुचिराच्या दप्तराचा पट्टा, रिमोटची रबरी बटणं, गॅसची नळीसुद्धा. पुढचे दोन पाय आळीपाळीने दाबत, डोळे मिटून, चुक्-चुक् असा बारीक आवाज करत तो चोखत बसे. घशात घरघर चालू. रुचिराला ते फार गोड वाटायचं. तिने व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवले होते.

भीमराज मात्र तो आवाज सुरू झाला की उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मालनला वाटलं, याला मांजर आवडत नाही. त्या दुपारी जेवून तो जमिनीवरच आडवा झाला होता, डोळा लागला, आणि काजूने नेमका त्याचाच सदरा धरला. झोपेतच त्याला ते ओढणं जाणवलं. लहान तोंडाचं, पोटाजवळचं, भुकेलं ओढणं. जागा झाला तेव्हा आपण दहिसरला आहोत हे कळायला त्याला वेळ लागला.

कारण हे ओढणं त्याच्या ओळखीचं होतं.

विशीत असताना भीमराज जालन्याकडच्या गावातून मुंबईला आला. गावच्या कुणीतरी त्याला जोगेश्वरीला म्हशींच्या तबेल्यात लावून दिलं. साठ म्हशी होत्या. शेण काढायचं, म्हशी धुवायच्या, आणि रेडकं सोडायची-बांधायची, हे काम. रेडकू आचळाला लावायचं, त्याने दोन-चार घोट ओढले की म्हैस पान्हा सोडते. लगेच त्याला मागे खेचून बांधायचं. दूध विकायचं असतं. रेडी असेल तर तिला थोडं जास्त प्यायला देत, ती उद्याची म्हैस. नर रेडकाला कोण विचारतो? ते दाव्याला बांधलेलं, तोंडाशी येईल ते चोखत उभं राहायचं. दावं, गोणपाट, बादलीची कडी, शेजारच्या रेडकाचा कान. भीमराज जवळून गेला की त्याच्या सदऱ्याचं टोक. आठ-दहा दिवसांत मान टाकायचं. मग दुसरं.

त्यात कपाळावर पांढरा टिपका असलेलं एक होतं. ते भीमराजचा पाय वाजला की ओरडायचं. त्याने दोन दिवस लोट्यात लपवून त्याला दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी मुकादमाने पाहिलं. "दूध तेरे बाप का है क्या?" एवढंच म्हणाला. त्यानंतर भीमराजने पाजलं नाही. रेडकू मात्र त्याचा सदरा धरतच राहिलं, शेवटी उभं राहता येईना तेव्हा बसून. सहाव्या दिवशी सकाळी ते गेलेलं होतं.

मुकादम म्हणाला, "तूच उचल रे. तुमच्यात करतातच ना हे?"

इथे भीमराजच्या बापाबद्दल सांगायला हवं. छप्पन साली धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीने एकत्र बसून ठरवलं होतं, की मेलेलं ढोर ओढायचं नाही. गावाने त्यांची कामं बंद केली, विहीर बंद केली. बापाने दोन वर्षं अर्ध्या पोटी काढली, पण पुन्हा मेलेल्या जनावराला हात लावला नाही. भीमराज हे ऐकतच मोठा झाला होता. आणि तरी त्याने त्या सकाळी रेडकू उचललं. कुणी मारायला उठलं नव्हतं, नोकरी जाईल असंही कुणी म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही, इतकंच. मग पुढची चार वर्षं जेवढी मेली तेवढी त्यानेच उचलली.

चार दिवसांनी त्या टिपक्याच्या रेडकाचं कातडं परत आलं. आत पेंढा भरलेला, पायांच्या जागी काठ्या. ते त्याच्या आईपुढे उभं केलं. म्हैस त्याला चाटत राहिली, चाटता चाटता तिने पान्हा सोडला. खाली बादली घेऊन दूध काढायला बसला होता भीमराज.

त्या वर्षी सहा डिसेंबरला बाप चैत्यभूमीवर आला, आणि जाताना पोराला भेटून गेला. रस्त्यावरच चहा प्याले. बापाने विचारलं, "दुधाच्याच कामावर हायेस ना?"

"हो, बा."

गावी जाऊन बापाने सगळ्यांना सांगितलं, पोरगं डेअरीत आहे. तेच समजून तो पुढे वारला.

हे भीमराजने कुणाला सांगितलं नव्हतं. माळीकाम मिळालं, लग्न झालं, बागेतल्या मातीत हात घालून वर्षं गेली, आणि आपण ते विसरलो असं त्याला वाटू लागलं होतं. आता भरल्या घरात, टळटळीत दुपारी, ते परत आलं. काजू आतल्या खोलीत झोपलेला असायचा तरी याला चुक्-चुक् ऐकू यायचं. टाकीत पाणी पडलं तरी तेच, मालन आंब्याची कोय चोखू लागली तरी तेच. तो ताट सोडून उठायचा. सदरा काढून उघडा बसू लागला. मालन म्हणायची, "अहो, गरम होतंय का? पंखा वाढवू?" सदऱ्याचं टोक कोरडं असलं तरी त्याला ओलं लागायचं.

एकदा तो म्हणाला, "त्याला सोडून या कुठेतरी."

रुचिरा त्या दिवशी जेवली नाही.

मग मालनने आपल्या पद्धतीने इलाज केला. गाऊनच्या कडांना, चादरींना कडुनिंबाचा पाला वाटून लावला. काजूने एकदा तोंड लावलं, फेस काढला, आणि कपाटाखाली जाऊन बसला. दिवसभर खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चोखायला नवीन जागा शोधली. मालनने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी कोपऱ्यात घडी करून ठेवली होती, तिला कुणी पाला लावला नव्हता. काजू तिथे तासन्‌तास चोखत बसू लागला. कुणाला त्रास नाही म्हणून कुणी उठवलंही नाही.

आठवड्याने एका शनिवारी सकाळी काजू ओकू लागला. पाणीही टिकेना. कोपऱ्यात पाठ वर काढून बसला आणि पंजाने तोंड खरवडू लागला. रुचिराने त्याला मांडीवर घेऊन तोंड उघडलं. जिभेखालून एक पांढरा दोरा घशात गेलेला दिसत होता.

"आजी, गोधडीचा दोरा! थांब, मी काढते." तिने टोक चिमटीत धरलंही.

"ओढू नकोस!"

भीमराज इतक्या जोरात ओरडला की रुचिराचा हात जागच्या जागी थांबला. तो धावत आला, तिच्या बोटांतून टोक सोडवलं. "ओढायचं नाही. आतडं कापतं. पाहिलंय मी."

त्याने पाहिलं होतं. एका रेडकाने भुकेपोटी गोणपाटाची सुतळी गिळली होती. मुकादमाने तोंडातून लोंबणारं टोक धरून ओढलं, आणि ते रेडकू संध्याकाळपर्यंत ओरडत होतं.

त्याने काजूला टॉवेलमध्ये घेतलं, छातीशी धरलं आणि तसाच निघाला. रिक्षात मालन शेजारी, रुचिरा तिच्या मांडीला लागून. बोरिवलीला जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टर अक्षता म्हणून तरुण मुलगी होती. तिने तोंड पाहिलं, पोट चाचपलं आणि विचारलं, "कुणी ओढलं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं, काका. दोरा जिभेला अडकलाय आणि खाली आतड्यात उतरलाय. ओढला असता तर संपलं होतं. ऑपरेशन करावं लागेल."

काजूला आत नेलं. रुचिरा दारापाशीच उभी राहिली, काचेतून काही दिसतंय का बघत. बाकावर मालन आणि भीमराज बसले. मालनने विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, आतडं कापतं ते?"

आणि भीमराजने सांगितलं. तबेला, टिपक्याचं रेडकू, मुकादम, पेंढ्याचं कातडं, बाप. खाली बघत, सगळं एका दमात. मालन ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "बाला खोटं सांगितलं मी."

मालनने दारापाशी उभ्या रुचिराकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर बा तुम्हाला त्याच गाडीने परत घेऊन गेले असते."

"नेलं असतं."

"मग नेऊ द्यायचं होतं." तिचा आवाज कडक होता. भीमराजने वर पाहिलं. ती रडत होती. "चाळीस वर्षं एका ताटात जेवतोय आपण. मला तरी सांगायचं होतं."

तिने त्याला माफ केलं की नाही हे त्याला कळलं नाही. पण ती बाकावरून उठली नाही.

काजू वाचला. चौथ्या दिवशी घरी आला तो पोटावर टाके आणि ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची चकती घालून. डॉक्टर अक्षताने रुचिराला सगळं समजावलं होतं. आईपासून फार लवकर तुटलं की पिल्लू असं करतं. रागवायचं नाही, कडू-तिखट लावायचं नाही. थोडं थोडं खायला चारदा द्यायचं, खेळवून दमवायचं. दोरे, लोकर, रबर, वायरी सगळं उचलून ठेवायचं, आणि चोखायला एक जाड सुती कापड द्यायचं, ज्याचा धागा सुटत नाही. रोज तपासायचं.

भीमराजने विचारलं होतं, "मोठं झाल्यावर जातं का हे?"

"बऱ्याच जणांचं जातं. काहींचं जन्मभर नाही जात, काका."

चकती निघाली त्या दुपारी काजू नवं कापड सोडून भीमराजकडेच आला. चढला, सदरा हुंगला, आणि टोक तोंडात धरलं. रुचिरा श्वास रोखून बघत होती. भीमराजचं अंग ताठ झालं. त्याने हात उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. काजू चोखत राहिला. भीमराजच्या कपाळावर घाम आला, ओठ हलत होते, पण तो हलला नाही. काजू झोपल्यावर त्याने रुचिराला म्हटलं, "उचल आता." मग बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आत बसला.

काही दिवस त्याला जमतं, काही दिवस जमत नाही. काजू आता वर्षाचा झालाय, दांडगा आहे, तरी चोखतो.

गेल्या महिन्यात भीमराज घरी न सांगता बसने जोगेश्वरीला गेला. गल्ली सापडली, तबेला नव्हता. त्या जागी वीस मजल्यांचा टॉवर होता, खाली गाड्या, गेटवर वॉचमन.

"कुणाकडे जायचंय, काका?"

"कुणाकडे नाही. मी इथे कामाला होतो. म्हशी होत्या तेव्हा."

वॉचमन उत्साहाने जवळ आला. "म्हणजे खरंच होत्या? मी सोसायटीवाल्यांना सांगतो तर हसतात. खाली बेसमेंटला दुपारी शेणाचा वास येतो. कितीदा धुतलं, फिनेल टाकलं, जात नाही. बघता का येऊन?"

भीमराजने उताराकडे पाहिलं. खाली ट्यूबलाइट लागलेली होती.

"नको," तो म्हणाला. आणि तरी बराच वेळ तिथेच उभा राहिला. शेवटी वॉचमनने आतून एक खुर्ची आणून त्याच्याजवळ ठेवली.