घरात कोणी नसताना

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं शुभांगी चारचौघांत म्हणते, आणि मी मान हलवतो. जिला हे सांगायला हवं होतं ती माझी आई — ती आता नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. बहुतेक म्हणूनच जमेल.

विषय तसा क्षुल्लक आहे. आपोआप केर काढत फिरतं ना, ते यंत्र. हसू आलं तर हसा. मीही पुष्कळ दिवस हसण्यावारीच नेलं.

आम्ही पुण्यात, धायरीत राहतो. आजूबाजूला सतत कुठली तरी इमारत उभी राहत असते, त्यामुळे सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी पावलं उमटतात. एसटीच्या डेपोतून बाबा निवृत्त झाले आणि आईबाबा यवतमाळहून आमच्याकडे राहायला आले. आईचे गुडघे गेलेले, तरी केर तिला स्वतःच्याच हातचा लागायचा. वाकून वाकून काढायची आणि मग पलंगावर बसून पाय चोळत राहायची. ते बघवेना म्हणून मी यंत्र आणलं — गोल, ताटाएवढं, फोनवरून चालणारं. निदान सगळ्यांना कारण तरी हेच सांगितलं. नवी यंत्रं मला आवडतात, हेही एक कारण होतंच.

बाबांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. डेपोत वरचे साहेब असेच न सांगता यायचे, कोपऱ्याकोपऱ्यात डोकावायचे आणि भिंतीवर आपटल्यासारखे परत फिरायचे, असं ते म्हणत. यंत्र खोलीत शिरलं की सोफ्यावर मांडी घालून जाहीर करायचे, "साहेब राउंडला निघाले, पाय वर घ्या." शुभांगी कसब्यातली, तिचं बोलणं तसं. "या घरात सांगितलेलं काम करणारा एकच आहे," ती म्हणायची, "आणि त्यालाही चार्जिंग लागतं."

आई मात्र त्याच्याशी जपून असायची. दिवेलागणीला ते फिरताना दिसलं की बंद करायला लावायची. आणि तिचा दुसरा नियम त्याहून कडक होता — घरातलं माणूस मोठ्या कामाला किंवा गावाला निघालं, की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही. ते माणूस पोचल्याचं कळेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही. माणूस उंबऱ्याबाहेर पडल्या पडल्या घर झाडतात ते एकाच जाण्यानंतर, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मी मुलाखतींना जायचो तेव्हासुद्धा आमचं घर दुपारपर्यंत तसंच पारोसं असायचं.

मी या सगळ्याला हसायचो. हे लक्षात ठेवा.

यंत्राच्या आवाजानं बाबांची दुपारची डुलकी मोडायची. म्हणून मी एक सोय शोधली. घरातल्यांचे फोन घरापासून लांब गेले की यंत्र समजतं, घर रिकामं झालं, आणि आपलं आपण कामाला लागतं. त्या सोयीचं नावच होतं — 'घरात कोणी नसताना'. कोणाकोणाचे फोन मोजायचे ते आपण ठरवायचं. मी माझा नोंदवला, शुभांगीचा नोंदवला, बाबांचा नोंदवला. आईचा फोन साधा, बटणांचा. तो त्यात बसत नव्हता. बसत नव्हता, सोडला. आईबाबा एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत, मग काय फरक पडतो, असा मी विचार केला — विचार केला म्हणतोय खरा, केलाही नसेल.

पुढे बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सकाळी त्यांना दाखल करायचं होतं. आईनं संध्याकाळी यायचं ठरलं. दवाखान्यातलं ताटकळणं तिच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. निघताना तिनं बाबांच्या हातावर दही घातलं. ते म्हणाले, "येतो." ती म्हणाली, "या." कोपऱ्यातल्या यंत्राकडे बघून बाबा म्हणाले, "साहेब, चार्ज तुमच्याकडे." आम्ही तिघं खाली उतरलो.

माझा, शुभांगीचा, बाबांचा. तिन्ही फोन एकाच गाडीत.

सिंहगड रस्त्याला लागलो असू. गाडी चौकात थांबली होती, तेव्हा माझा फोन थरथरला. साफसफाई सुरू झाल्याचा संदेश होता. मला त्याच क्षणी सगळं कळलं — काय झालं, कोणामुळे झालं, आणि आई तिथे एकटी उभी राहून काय बघत असेल. थांबवायला एक बोट पुरलं असतं. मी फोन पालथा ठेवला. "ऑफिसचं काय?" बाबांनी मागून विचारलं. मी हो म्हणालो. का ठेवला पालथा? बाबांना कळू नये म्हणून? शुभांगीनं टोमणा मारू नये म्हणून? मला खरंच सांगता येत नाही. सिग्नल सुटला, एवढं आठवतं.

दाखल करून घेण्याच्या खिडकीशी उभा असताना आईचा फोन आला.

"अरे, ते सुरू झालं न," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, धाप होती. "पाट आडवा लावला त बाजूनं निघून गेलं. बंदच नाही होऊन राहिलं. हे पोचले बी नसतीन अजून." तिच्या मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

आता माझा धंदा सांगायला हवा. मी संगणकाच्या नोकरीत आलो तो परदेशी ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्यापासून. तिथे पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकलो, आणि पुढे कित्येक वर्षं हाताखालच्या मुलांना तेच शिकवलं. दोष आपल्या प्रणालीचा आहे असं स्वतःहून कधी म्हणायचं नाही. शांतपणे, आदरानं म्हणायचं — आपल्याकडून चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. समोरचा माणूस गोंधळतो. त्याला आठवत नसतं. आणि ज्याला आठवत नाही तो मान्य करतो. हे किती हमखास चालतं, तुम्हाला कल्पना नाही.

"तुझा हात लागला असेल कुठेतरी, आई," मी म्हणालो.

"मी त हातही नाही लावला त्याले."

"चुकून लागला असेल. उलटं करून ठेव, थांबेल."

ती म्हणाली, "लागला असन मग."

बस. एवढंच झालं. बाबांना खोलीत नेलं, शुभांगी त्यांच्याबरोबर गेली, आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. उद्या ज्याच्या बापाची छाती उघडणार आहेत त्या माणसानं पहिलं काम काय करावं? मी फोन काढला आणि ती सोय काढून टाकली. नोंदवलेले फोनही पुसले. कोणी बघितलंच तर काही दिसू नये म्हणून. चुकून बोललो असतो, तर पुसलं कशाला असतं?

संध्याकाळी आई आली. दोन्ही हात पदराखाली धरून पलंगाशी बसली आणि तिनंच बाबांना सांगितलं — "माहा हात लागला त्या मशीनले. तुमच्या मागं केर निघाला." बाबा हसले. "बरं झालं. साहेबांनी कर्तव्य केलं," म्हणाले. तिला हसू आलं नाही. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मोसंबी सोलत होतो. सोलतच राहिलो. तेव्हा सांगितलं असतं, तर बाबांनी मला एखादी शेलकी शिवी दिली असती, आई माझ्यावर चिडली असती, आणि तिला रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बाबा शुद्धीवर आलेच नाहीत.

डॉक्टरांनी कारणं समजावून सांगितली. ती खरी होती, आणि त्यात केराचा कुठे संबंध नव्हता. हे मला कळत होतं, शुभांगीला कळत होतं. आईनं ऐकून घेतलं, मान हलवली. पण तेराव्याला, जेवणं उरकल्यावर, तिनं सगळ्यांसमोर पुन्हा तेच काढलं. बरेचजण असं काही नसतं म्हणाले. माझी आत्या — बाबांची धाकटी बहीण — म्हणाली नाही. तिनं आईकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाले त समजायला पाहिजे होतं न, वहिनी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. आजही सांगता येत नाही, ती त्या नजरेनं काय मागत होती. "मले त लावल्याचं आठवत नाही," ती म्हणाली, "पण यानंच सांगितलं, हात लागला म्हून. हो न रे?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. फोनवर बोललो ते एक वेळ तोंडातून निसटलं म्हणा. हे निसटलं नाही. मी आत्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणालो, "हो."

त्यानंतर आई कुठल्याच बटणाला हात लावेना. पंखा, दिवा, गिझर — काहीच नाही. उकडत असलं तरी बसून राहायची, कोणीतरी येईपर्यंत. शुभांगी म्हणायची, "अहो आई, पंखा तरी लावायचा." तर म्हणायची, "नको बाई, माहा हात वाईट." हात मांडीवर एकात एक धरलेले, जणू दुसऱ्या कोणाचे सांभाळायला घेतलेत. यंत्र मी माळ्यावर टाकून दिलं. आईला बघवत नसेल म्हणून टाकलं, असं शुभांगीला वाटलं. मी किती हळवा आहे, हे ती आपल्या माहेरी सांगत असे.

आईशी मी बोललोच नाही असं नाही. पुष्कळ बोललो. केरानं कोणी मरत नाही, ही अंधश्रद्धा आहे, तुझी काही चूक नाही — शिकलेल्या माणसानं जे बोलावं ते सगळं. ती ऐकायची आणि म्हणायची, "तू म्हणतो त असन." पण मी सांगितलं नाही ते एकच वाक्य होतं, आणि त्याला विज्ञान लागत नव्हतं. माझा जर त्या केरावर विश्वासच नव्हता, तर तो माझ्या नावावर घ्यायला मला एवढं जड का गेलं? माझ्या लेखी ज्याचं वजन शून्य, ते मी आईच्या मांडीवर ठेवलं — तिच्या लेखी त्याचं वजन किती आहे, हे पक्कं माहीत असताना.

मीच तिला घरात धरलं नव्हतं. ती आत उभी होती, आणि मी यंत्राला सांगून ठेवलं होतं की घरात कोणी नाही.

गेल्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्यानंतर ती घरी परत आली नाही. चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही तिला उंबऱ्याबाहेर काढलं, तेव्हा तिनं शुभांगीला जवळ बोलावलं. "माह्या मागं केर काढला तरी चालते," ती म्हणाली. "लगेच काढ."

तापात बोलतेय असं शुभांगीला वाटलं. तिनं हो हो म्हटलं आणि औषधांची पिशवी आणायला आत गेली. बाहेर आई आणि मी, दोघंच. तिचा हात माझ्या हातात होता. कोरडा, हलका, आणि कुठेही न लागलेला. लिफ्ट तळमजल्यावर अडकली होती. सांगायला वेळ होता — एक वाक्य, मोठ्यानंही नको, कानाशी.

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.