गुरुवार, सहा ते सात

हेलसिंकीत नोव्हेंबर लागला की माणसांचे दोनच प्रकार उरतात. एक, ज्यांना सौनाचा, म्हणजे इमारतीच्या सामायिक वाफस्नानाचा, चांगला वार मिळालाय. दुसरा, ज्यांना अजून मिळायचाय. बाकीचे भेदभाव मे महिन्यापर्यंत गुंडाळून ठेवले तरी कुणाचं काही अडत नाही. साडेतीनला दिवस आटोपतो. आभाळ भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं, आणि तेही पाच-पाच आठवडे बदलत नाही. फुटपाथवर अर्धवट वितळलेलं बर्फ, त्यावर फेकलेली खडी, आणि ती खडी बुटांतून घरभर. समुद्रावरचा वारा तर असा, की कोट कितीही चांगला असो, त्याला आत शिरायची वाट माहीत असतेच.

रित्वाला मात्र गुरुवार मिळाला होता. गुरुवार, सहा ते सात. कालिओच्या टेकडीवर एका पाचमजली जुन्या इमारतीत, तळमजल्यावर ती राहायची, आणि तिथल्या तळघरातला सौना आठवड्यातून तासभर तिचा असायचा. सोमवार-मंगळवार कुणालाही मिळतात. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मिळायला कुणाला तरी घर सोडावं लागतं, नाहीतर जग. रित्वाने अकरा वर्षं वाट पाहिली होती. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ वारले तेव्हा तिने मनापासून दुःख केलं, फुलं नेली, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीकडे अर्जही दिला.

बाई मूळची कैनूची, उत्तरेच्या जंगलातली. तिचा जन्मच सौनात झालेला. त्या काळी गावात तीच एक उबदार आणि स्वच्छ जागा असायची, त्यामुळे बाळंतपणं तिथेच व्हायची. एकोणिसाव्या वर्षी ती राजधानीत आली आणि पस्तीस वर्षं ट्राम चालवली. पहाटेच्या अंधारात निघायचं, दुपारच्या अंधारात परतायचं. नवरा कालेवी होता तोवर घरात बोलायला माणूस होतं. तो गेल्याला नऊ वर्षं झाली. या सगळ्या हिवाळ्यांतून तिला पार नेलं ते गुरुवारने. सोमवारी अंग गारठलं की ती म्हणायची, तीन दिवस काढायचेत फक्त. मंगळवारी म्हणायची, दोन. बुधवारी तिला काही म्हणावंच लागायचं नाही.

आणि हा तास तिने वाटून घेतला होता, हे महत्त्वाचं. सव्वीस वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावर हेल्वी राहायला आली, एक पोरगा आणि नुकताच झालेला घटस्फोट घेऊन. तिच्या नावाला आला सोमवार, रात्री नऊचा. जिन्यात ती सुजलेल्या डोळ्यांनी दिसली, तेव्हा रित्वा म्हणाली, "गुरुवारी सहाला खाली ये. टॉवेल आण, बाकी सगळं आहे." इथल्या लोकांत यापेक्षा जास्त प्रेमाचं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही.

तेव्हापासून दोघी गुरुवारी वरच्या बाकावर शेजारी बसायच्या. रित्वा तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकायची, वाफ चढायची, दोघी माना खाली घालायच्या. रित्वाचा एकच नियम होता, तिच्या आजीपासून आलेला: बाकावर बसून कटकटीचं बोलायचं नाही. नवरा, आजार, सोसायटी, सगळं दाराबाहेर, चपलांजवळ ठेवायचं. शेवटी एकमेकींची पाठ घासायची. आधी हेल्वी पाठ करायची, मग रित्वा. मग वर रित्वाच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं घट्ट सूप, कारण गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप, हे या देशात शाळा आणि सैन्यसुद्धा मानतात. वर मोहरी घालून, सोबत राय नावाच्या धान्याची काळी भाकरी. तिथे मग चपलांजवळ ठेवलेलं सगळं बोलून व्हायचं.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी रित्वाच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस सौना बंद ठेवला आणि तीन वेळा थेंब घालायला सांगितलं. थेंब घालायला हेल्वी यायची. दिवसातून तीनदा पाच मजले उतरायची आणि गुडघे धरून तेवढेच चढायची. रित्वा म्हणायची, "अगं, मी घालीन की." हेल्वी म्हणायची, "तू डोळ्यात घालायचे ते गालावर घालशील. मान वर कर."

अशाच एका दुपारी दारातून सोसायटीचं पाकीट आलं. जादा सभेची नोटीस. रित्वाला अक्षरं म्हणजे धुक्यातल्या मुंग्या. हेल्वीने पाकीट फोडलं, वाचलं आणि म्हणाली, "पाइपांचं आहे, आणि जिन्याच्या कामाचं. नेहमीचंच. जाणारेस?"

"या डोळ्यांनी? दरवेळचं तूच बघतेस ना. आण तो कागद."

दरवेळी असंच व्हायचं. हेल्वी सोसायटीच्या कमिटीवर, रित्वाला सभांचा कंटाळा. ती मुखत्यारपत्रावर सही करून द्यायची आणि हेल्वी तिचंही मत टाकून यायची. हेल्वीने तिच्या हातात पेन दिलं, बोट धरून रेघेवर नेऊन ठेवलं. रित्वाने सही केली आणि विचारलं, "सरळ आली का?"

"सरळ आहे," हेल्वी म्हणाली.

पंधरा दिवस सरले, सौना पुन्हा सुरू झाला. एक गुरुवार, दुसरा गुरुवार, तिसरा. मधल्या मंगळवारी सभाही होऊन गेली. रित्वाला नव्या डोळ्यांनी दगडांच्या चिरा दिसायला लागल्या होत्या, हेल्वीच्या पाठीवरचे तीळ दिसायला लागले होते, आणि ती लहान मुलासारखी हरखली होती. "तुझ्या पाठीवर सात तीळ आहेत," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं चारच वाटत होते."

"मोजू नकोस, घास," हेल्वी म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर ताउनो नावाचा एक विधुर राहतो. शनिवारी पाचचा वार त्याचा. मुळात तो इतका कमी बोलायचा की त्याने रित्वाशी बोलणं टाकलंय हे कळायलाच तिला दोन आठवडे लागले. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी ती बुटांची खडी झटकत होती आणि तो जिन्यात थांबला.

"झालं का मनासारखं?" तो म्हणाला.

"कसलं?"

"सोंग नको, रित्वा. तुला तळमजल्यावर लिफ्ट कशाला हवी होती, एवढंच सांग. सौना पाडून लिफ्ट. अकरा विरुद्ध दहा. एका मताने. आणि ते मत तुझं. ज्या बाईने अकरा वर्षं गुरुवारसाठी वाट पाहिली, तिचं. मी तर म्हणालो, कागद पुन्हा वाचा, काहीतरी चुकलंय. त्यांनी पुन्हा वाचला."

रित्वा तशीच जिन्यातल्या सूचना-फलकाकडे वळली. तिथे सभेचा वृत्तान्त लावला होता, चार दिवसांपासून. तिने तो वाचला. अक्षरं कशी स्वच्छ दिसत होती. लिफ्टचा खड्डा तळघरात जिथे उतरणार तिथे सौना आहे, पर्यायी जागा नाही, काम नाताळानंतर सुरू. घर क्रमांक चार, मुखत्यारपत्राने, बाजूने. नव्या डोळ्यांनी नीट वाचलेलं हे पहिलं पान, आणि त्यात तिच्याच नावाने तिचाच गळा कापलेला. ताउनोही तिलाच धरून बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. पण त्याला तरी काय सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

ती पाच मजले चढून गेली. कधीच न मोजलेल्या पायऱ्या त्या दिवशी मोजल्या. शहाण्णव.

हेल्वीने दार उघडलं. "ये. कॉफी टाकते."

"कॉफी नको. लिफ्टला मी मत दिलं म्हणे."

"आत ये आधी. जिन्यात आवाज घुमतो."

"घुमू दे. इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. मीच तेवढी राहिले होते."

हेल्वी दाराची मूठ धरून उभी राहिली. मग भरभर बोलायला लागली, कित्येक दिवस तयार करून ठेवलं असावं तसं. "माझे गुडघे तू बघतेस. डॉक्टर म्हणाली, लिफ्ट नाहीतर दुसरं घर. पोरगा म्हणतो, आमच्या बाजूला ये, उपनगरात. तिथे मी काय करू? खिडकीत बसून मोटारी मोजू? इथे एकतीस माणसं मला नावाने ओळखतात. मला इथेच मरायचंय, रित्वा."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

रित्वाने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "नसते म्हणाले."

"बघ."

"काय बघ? माझं 'नाही' माझं होतं, हेल्वी. मी नाही म्हणाले असते, तू चिडली असतीस, वर्षभर आपण बोललो नसतो. मग तुला त्या शहाण्णव पायऱ्या चढताना बघून पुढच्या साली कदाचित मीच हात वर केला असता. तेवढी संधीसुद्धा तू मला दिली नाहीस." तिचा आवाज इथे फुटला, आणि याचा तिला नंतर फार राग आला. "थेंब घालायला यायचीस तेव्हाच ठरलं होतं?"

"थेंब मी थेंबांसाठीच घालत होते."

"आणि पेन?"

हेल्वीने खाली पाहिलं.

"तीन गुरुवार माझ्या शेजारी बसलीस. पाठ घासून घेतलीस. सूप प्यायलीस. एक अक्षर नाही."

"बाकावर असलं बोलायचं नाही," हेल्वी म्हणाली. "नियम तुझाच आहे."

हे मात्र तिने बोलायला नको होतं. गुडघ्यांचं समजण्यासारखं होतं, भीतीचंही. पण आजीच्या नियमाची चादर करून तिने आपली चोरी झाकली होती, आणि ते रित्वाला मताहूनही जास्त लागलं. ती शहाण्णव पायऱ्या उतरली. सूपही त्या आठवड्यात केलं नाही.

पुढचे दोन गुरुवार ती एकटी बसली. हेल्वी आली नाही. सौना तसाच तापायचा, वाफ तशीच चढायची, आणि शेजारची फळी रिकामी. रित्वा स्वतःला बजावायची की हा तास आधीही माझ्या एकटीचाच होता. पण तिला दगा आठवायचा, आणि दगा आठवत असला की घामसुद्धा नीट येत नाही. हिवाळा पहिल्यांदाच तळघरापर्यंत आला होता.

नाताळाच्या आधीचा गुरुवार हा शेवटचा होता. ताउनोने दारावर, सौनात अंगावर आपटतात ती, बर्चच्या डहाळ्यांची एक सुकी जुडी टांगून ठेवली होती, मयताला ठेवतात तशी. सहाला रित्वा आत गेली. दहा मिनिटांनी दार वाजलं. टॉवेल हातात घेऊन, एक हात भिंतीला टेकून हेल्वी उभी होती.

"येऊ का?"

तिला नाही म्हणायचं रित्वाच्या मनात होतं. पण सौनाच्या दारातून कुणाला परत पाठवायचं तिच्या रक्तात नव्हतं. तिने सरकून जागा दिली.

दोघी बसल्या. रित्वाने एक पळी टाकली, मग दुसरी. हेल्वी काहीतरी बोलायला तोंड उघडत होती आणि मिटत होती. नियम अजून होता. वाफ डोळ्यांत गेली, आणि कोण रडतंय नि कोणाला घाम येतोय हे सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही.

साडेसहाला त्या न्हाणीत आल्या. सव्वीस वर्षांच्या सवयीने हेल्वीने घासणी पुढे केली आणि पाठ केली. सात तीळ. रित्वा जरा वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने साबण लावला आणि पाठ घासली, मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश, एकही जागा न सोडता. बादलीभर कोमट पाणी ओतलं. पाठ पुढे केली की घासायची असते. त्यात माणसाचा हिशेब येत नाही.

हेल्वी वळली. तिने घासणी घेण्यासाठी हात पुढे केला आणि रित्वाच्या वळण्याची वाट पाहू लागली.

रित्वा वळली नाही. हेल्वीच्या तोंडाकडे पाहत पाहत तिने टॉवेल अंगाला गुंडाळला, घासणी खुंटीला अडकवली आणि दोन पावलं मागे सरत दारापर्यंत गेली. शेवटची पळी आजीच्या रिवाजाप्रमाणे सौनाच्या रखवालदार भुतासाठी टाकायची असते. ती म्हणाली, "शेवटची तू टाक." आणि गेली.

आता लिफ्ट आहे. तीन माणसं मावतील एवढी, चकचकीत. हेल्वी तिने वर जाते, खाली येते, एकतीस माणसं तिला नावाने ओळखतात. रित्वा दिसली की ती बटण दाबून दार उघडं धरते. रित्वा तळमजल्यावर राहते. तिला कुठे जायचंय?

गुरुवारी ती ट्रामने अर्धा तास जाऊन एका सार्वजनिक सौनात बसते. अनोळखी बायका, चांगली वाफ, दगडही चांगले. न्हाणीत एखादी बाई शेजारी येते आणि इथल्या रीतीप्रमाणे विचारते, "पाठ घासून देऊ का?"

"नको," रित्वा म्हणते, "माझा हात पोचतो."

तो पोचत नाही.